सगळ्यांत सावकाश लागणारं खत

बोईसरच्या बाजारपेठेत खताबियाण्याचं एक दुकान आहे. तिथल्या दुकानदाराला दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो : हे किती दिवसांत लागू पडेल? शेतकरी विचारतो, बंगलेवाला विचारतो, आणि खिडकीत चार कुंड्या ठेवून स्वतःला बागायतदार समजणारा तर पिशवी हातात घ्यायच्या आधी विचारतो. दुकानदारही सरावाने ‘लगेच’ म्हणतो आणि सुटे पैसे परत देतो. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यांत सावकाश लागू पडणारं खत कोणतं?” त्याने चष्मा कपाळावर चढवून गिऱ्हाइकाकडे नीट बघून घेतलं. ते गिऱ्हाईक मी होतो.

“सावकाश म्हणजे?”

“म्हणजे घाई न करणारं. दिवाळी उलटली तरी चालेल.”

“साहेब, असलं खत लोक परत आणून देतात,” तो म्हणाला. “मागून कुणी नेत नाही.”

मला वेड लागलं नव्हतं. माझी आई गावाला परत जाणार होती, आणि तिचं जाणं वांग्यावर अवलंबून होतं.

आमचं गाव साताऱ्याकडचं. वडील गेल्यावर आई तिथल्या तीन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची. हिवाळ्यात एकदा धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून पडली, आणि दूध घालणारी बाई येईपर्यंत तशीच पडून होती. हे तिने आम्हाला सांगितलंच नाही. दूधवालीने फोन करून सांगितलं, तेव्हा आईने फोन हिसकावून घेऊन ‘काही झालेलं नाही’ असं मला बजावलं. आंब्याच्या दिवसांत मी तिला बोईसरजवळ उमरोळीला, आमच्या घरी घेऊन आलो. थोडे दिवस, हवापालट म्हणून. तिला इथंच ठेवून घ्यायचं माझ्या आणि बायकोच्या मनात होतं, पण तसं म्हणणार कोण? आमच्या घरात आग्रह होतो तो ताटात वाढण्याचा, राहण्याचा नाही. मी नोकरीसाठी पहिल्यांदा इकडे निघालो तेव्हा वडिलांनी ‘लांब जाऊ नकोस’ असं म्हटलं नव्हतं. एसटीच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी डब्यात चपात्या किती घेतल्यात एवढंच विचारलं होतं. त्याचा अर्थ मला कळला होता आणि मी ‘भरपूर’ असं उत्तर दिलं होतं.

आईची भाषा तर त्याहून अवघड. तिचं ‘हो, हो’ म्हणजे ऐकलंच नाही. तिचं ‘बरं’ म्हणजे मला सगळं समजलंय, पण आत्ता बोलत नाही. आणि ‘बघू’ म्हणजे होकार. माझ्या लग्नाला ती ‘बघू’ म्हणाली होती, घरात गॅस घ्यायलाही ‘बघू’च म्हणाली होती.

उमरोळीला आल्यावर दोन-चार दिवस ती गॅलरीत बसून राहिली. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. मागे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी आहे, बिल्डरने जिला माहितीपत्रकात उद्यान म्हटलं होतं. आईने तिथं खुरपं मारलं, तर त्यातून सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, एक चप्पल आणि तांबडा मुरूम निघाला.

“ही माती हाय?” ती म्हणाली. “हिच्यात ढेकूळसुदिक न्हाई.”

मग तिने पिशवीतून जुन्या लुगड्याची एक चिंधी काढली. तिला गाठ मारलेली होती, आणि गाठीत आमच्या गावच्या काटेरी वांग्याचं बी होतं. हवापालटाला येताना या बाईने बी आणलं होतं. “रिकामं बसवत न्हाई मला,” ती म्हणाली. “एवढं लावते. वांगी लागली की एकदा भरली वांगी करून घालते तुमास्नी, आन् जाते.”

झालं. मुदत ठरली.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे नमुना सकाळी आला तर पाळी संपायच्या आत त्याचा निकाल द्यावा लागतो, नाहीतर खालच्या खात्याचे लोक दारात येऊन उभे राहतात. त्यामुळे आईने ‘आता ह्या मुरमाची माती करायची’ म्हटल्यावर मी ते काम पाळीच्या हिशेबानेच अंगावर घेतलं. लिंबोळीची पेंड आणली. कुठल्याशा गोठ्यातून शेणखताची पोती आणली. वरच्या मजल्यावर वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. त्यांच्या गच्चीवर निळ्या पिंपात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचं पाणी कायम आंबत असतं. त्यातलं बादलीभर त्यांनी स्वतः आणून ओतलं. “तीन दिवसांत फरक बघा, आजी,” ते म्हणाले. स्वतः तिच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान असताना ते तिला आजी म्हणाले, आणि त्या पिंपावरची आईची श्रद्धा तिथंच संपली.

तिने स्वतःचा उपाय शोधला. एका लग्नासाठी आम्ही एसटीने मनोरकडे चाललो होतो, तेव्हा रस्त्याच्या कडेला जागोजाग जमिनीचे काळे, जळालेले चौकोन दिसत होते. आईने शेजारच्या सीटवरच्या बाईला विचारलं, रान पेटलं होतं का.

“राब हाय तो,” बाई म्हणाली. “शेण टाकायचा, पाला टाकायचा, मंग भाजायचा. भाजला नाय तं रोपं यायची नाय.”

आमच्याकडे माती नांगरतात, उन्हात तापवतात, पण भाजत कुणी नाही. आईने मात्र घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या पट्टीच्या कोपऱ्यात शेणकुटं, वाळका पाला आणि झाडूच्या काड्या रचून आपला पाटाएवढा राब पेटवला. धूर सरळ वरच्या मजल्यावर गेला. सेक्रेटरीसाहेब नाकाला रुमाल लावून खाली आले आणि प्रदूषणाबद्दल बोलू लागले. त्या दिवशी वारा कारखान्यांकडून होता आणि सकाळपासून हवेला सडक्या कोबीसारखा वास येत होता. त्यासाठी कुणी खाली उतरलं नव्हतं. त्याची आम्हाला सवय होती, आणि माझा तर पगारच तिकडून येत होता.

“सायेब, ह्यो धूर माझ्या वळखीचा हाय,” आई म्हणाली. “त्यो वास कशाचा, तुमाला तरी ठावं हाय का?”

साहेब वर गेले. पावसाच्या तोंडाशी आईने त्या राखेत बी टाकलं आणि रोपं अशी दाट आली की तिलाच नवल वाटलं. भाजलेल्या मातीतलं अन्न रोपांना आयतं मिळतं, पचवून घ्यायची वाट बघावी लागत नाही. इतकं झटपट लागू पडणारं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. मी खूश झालो. कारखान्यातून आलो की फूटपट्टी घेऊन रोपांची उंची मोजायचो आणि जेवताना ती जाहीर करायचो.

रोपं पट्टीत लावली त्या संध्याकाळी मी असाच वाकून मोजत होतो. बायको गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. “अहो,” ती म्हणाली, “वांगी लागली की आई जाणार आहेत ना?”

“हो.”

“मग तुम्ही वांग्यांना का पळवताय?”

मी फूटपट्टी हातात धरून तसाच उभा राहिलो. इतके दिवस मी माझ्या आईला गावाला धाडण्यासाठी पेंड आणि शेणखत वाहून आणत होतो. “सरळ सांगा त्यांना,” बायको म्हणाली. तिच्या माहेरी लोक मनातलं बोलतात, त्यामुळे तिला हे सोपं वाटतं. मी आईकडे गेलो आणि माझ्या परीने सरळ बोललो. म्हणालो, “तिकडं आता घरात असतं तरी काय?”

“हो, हो,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी कारखान्याची बस सोडून दिली आणि त्या खताच्या दुकानात गेलो. वर सांगितलेलं संभाषण झालं. दुकानदाराने थोडा विचार केला आणि बहुधा चेष्टेनेच म्हणाला, “मग लाकडाचा भुसा घाला. सुताराकडे फुकट मिळेल. तो मातीत कुजायला लागला की झाड काही महिने हलत नाही. पिवळं पडतं आणि रुसून बसतं.” त्याचं कारणही त्याने सांगितलं. मातीतले बारीक जीव भुशावर तुटून पडतात, आणि भुसा पचवायला लागणारं बाकीचं अन्न मातीतूनच उचलतात. म्हणजे आधी त्यांची पंगत उठायची, मग उरलंसुरलं झाडाला. मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. इतक्या वाईट खतासाठी इतका आनंदलेला माणूस त्याने पाहिला नसावा.

भुशाची पोती रिक्षातून आणून मी सगळ्या पट्टीत कुदळीने मिसळली. आई दारात येऊन उभी राहिली.

“हे काय?”

“भुसा. ओल धरून ठेवतो.”

बाहेर आठवडाभर पाऊस नुसता कोसळत होता. पट्टीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं, मी छत्री मानेत धरून कुदळ चालवत होतो, आणि मला ओलीची काळजी पडली होती. आईने आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली.

पुढे सगळं दुकानदाराने सांगितल्यासारखं झालं. रोपं जिथल्या तिथं थांबली. खालची पानं फिकट झाली, मग पिवळी. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादा प्रयोग इतका बरहुकूम पार पडल्याचं मला आठवत नाही. आणि मला त्यात काडीचंही सुख नव्हतं, कारण आई रोज सकाळी बादली पालथी घालून त्या पिवळ्या रोपांजवळ बसायची. पानं उलटून बघायची, खोडाशी बोट घालून माती चाचपायची. आजारी माणसाजवळ बसावं तशी बसायची. मला तिकडे बघवत नसे. मी लवकर आवरून बसला जात असे.

मग मदतीला लोक धावले. माझ्या दृष्टीने ही नवी आपत्ती. सेक्रेटरीसाहेबांनी मोठ्या मनाने राबाचा धूर विसरून पिंपच्या पिंप खाली आणून ओतलं. रात्रीच्या पावसाने ते धुऊन थेट भिंतीबाहेरच्या गटारात नेलं. गटाराकाठचं रानअळू त्या वर्षी हत्तीच्या कानाएवढं झालं आणि वांगी होती तेवढीच राहिली. तीन दिवसांत फरक पडला होता, हे साहेबांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. आईचं शेणखतही त्याच वाटेने गेलं. “आमच्याकडं येक गाडी खत टाकलं की तीन वर्सं बघाया लागत न्हाई,” ती म्हणाली. “हितला पाऊसच खातो सगळं. ह्या मातीला दरसाली बघावं लागंल.”

‘दरसाली’ हा शब्द मी तेव्हाच पकडायला हवा होता. पण माझं लक्ष मांजरांकडे होतं.

मांजरं आली ती सुक्या मासळीमुळे. दातिवऱ्याची एक मासळीवाली आमच्या सोसायटीत यायची. पावसात होड्या बंद, म्हणून टोपलीत सुका माल. आईने आयुष्यात मासळीला हात लावला नव्हता, पण ती बाई दारात टेकली की दोघींच्या गप्पा रंगायच्या. तिने रोपं पाहिली.

“पिवली पडली गो आई ही.” मग टोपलीच्या तळाशी उरलेला चुरा, डोकी, शेपट्या असं सगळं तिने पट्टीत रिकामं केलं. “आमी माडाला घालतो. मीठ पावसान जाल, बाकी लागल.”

“आन् वास?” आईने विचारलं.

“वास जाल. मांजरा येतील, ती पन जातील.”

मांजरं येतील हे तिचं बोलणं अगदी खरं निघालं. उमरोळीतली आणि मला वाटतं बोईसरपर्यंतची मांजरं त्या पट्टीत जमली आणि मुळापर्यंत उकरू लागली. दोन रोपं त्यांनी उपटून टाकली. आई पालथ्या बादलीवर काठी घेऊन बसू लागली. सेक्रेटरीसाहेब पुन्हा रुमाल लावून खाली आले, पण या वेळी काठी पाहून जिन्यातूनच परतले. आईची भूक वाढली, झोप सुधारली, आणि ती सोसायटीतल्या बायकांना नावाने हाका मारू लागली. हे सगळं मला दिसत होतं. पण मला वाटत होतं, ही माझ्या भुशाची किमया. अजून काही महिने तरी रोपं हलत नाहीत, म्हणजे आईही हलत नाही.

गणपती गेले, पाऊस आटपला, आणि ऊन कडक पडू लागलं. एका रविवारी मी सहज पट्टीत बोट घातलं तर ते आत गेलं. मुरमात कधी बोट जात नव्हतं. माती काळपट झाली होती, भुसा ओळखू येत नव्हता, आणि ढेकूळ फोडल्यावर आतून गांडूळ बाहेर आलं. पावसाने बाकी सगळं वाहून नेलं, पण भुशाने जेवढं खाल्लं होतं तेवढं धरून ठेवलं होतं आणि आता ते परत करू लागला होता. मासळीचं, शेणाचं, पेंडीचं, सगळ्यांचं. मी झाडांना अडवायला जे घातलं, तेच त्यांच्या कामी आलं. आमच्या प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर मी नमुना पुन्हा मागवला असता.

नवरात्रात पानं हिरवीगार झाली. दसऱ्याला फुलं आली, जांभळी. सेक्रेटरीसाहेब वरून ओरडले, “बघा आजी, माझं पिंप!” मासळीवाली म्हणाली, “मी काय सांगलं?” दुकानदाराला मी काही सांगायला गेलो नाही. खत किती दिवसांत लागू पडतं, याचं उत्तर मला अजूनही देता येणार नाही. माणसाला नको असतं तेव्हा ते लगेच लागू पडतं, एवढा अनुभव घेतला.

फुलं गळावीत असं मला वाटलं. एका सकाळी मी एका फुलापाशी हात नेलासुद्धा. तेवढ्यात आई बादली घेऊन आली आणि मी त्या हाताने डोकं खाजवलं.

दिवाळी झाली. फराळाचे डबे रिकामे होत आले तसा वांग्यांनी आकार धरला, गावच्यासारखीच, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे असलेली. एका रविवारी आईने टोपलीभर तोडली. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, गावाकडून आणलेला काळा मसाला. घरभर तो वास सुटला आणि वरच्या मजल्यावरून काही तक्रार आली नाही. मी पाटावर बसलो. पहिला घास घेतला. चव तीच होती, वडील असतानाची. मला भीती वाटत होती, रडू येईल अशी. आईने आग्रह करून आणखी दोन वांगी वाढली. मी ती खाल्ली.

हात धुऊन ती म्हणाली, “माळ्यावरची माझी पिशवी काढ.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल घेतलं, पिशवी काढली, धूळ झटकली. काढताना तिचा बंद कुठं तुटलाय का हेही पाहिलं, तुटला असता तर बरं झालं असतं. आईने पिशवीत हात घालून ती लुगड्याची चिंधी काढली, जिच्यात बी बांधून आणलं होतं, आणि रिकामी पिशवी माझ्याच हातात देऊन मागच्या दाराने बाहेर गेली. मी मागोमाग गेलो.

मधल्या झाडावर एक वांगं तिने न तोडता ठेवलं होतं, सगळ्यांत मोठं. त्याच्या देठाला ती चिंधी बांधू लागली. आमच्या गावी असं बांधलेलं फळ कुणी तोडत नाही, शेजारपाजारचेसुद्धा. ते झाडावरच पिवळं होऊ देतात, मग त्याचं बी धरतात, आणि ते बी पुढच्या पावसाला पेरतात.

“भुशाचं मला पैल्याच दिवशी कळलं होतं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “पावसात ओल धरतंय म्हणं.”

मी पिशवीची धूळ पुन्हा एकदा झटकली.

“पोती वाहिलीस, रोपं पिवळी केलीस, मला त्या मांजरांम्होरं राखणीला बसवलंस. आरं, ‘राहा’ म्हणाया काय झालं हुतं तुला?”

दारात बायको उभी होती. माझ्या हातात रिकामी पिशवी होती. इतक्या वर्षांत घरात कुणी कुणाला न म्हटलेला तो शब्द मी म्हणायला गेलो तेव्हा तो नीट आलाही नाही, पहिल्या वेळी नुसताच आवाज फुटला. दुसऱ्यांदा म्हणालो, “आई, राहा इथं.”

“बघू,” ती म्हणाली, आणि चिंधीची गाठ आणखी एकदा ओढून घट्ट केली.